दोन गाठी, एक कूळ? लिम्फोमाच्या वंशावळीचा इतिहास

#थ्रेड

१/ जठरात एक गाठ सापडते. काही काळाने लहान आतड्यातही दुसरी दिसते. दोन्ही लिम्फोमा, म्हणजे लसीका पेशींचे कर्करोग. एकच रोग दोन ठिकाणी पोहोचला, की एकाच देहात दोन स्वतंत्र रोग उद्भवले? या उत्तरावर उपचारांची दिशा ठरते. ते मिळवण्याचे साधन कसे घडले, त्याची ही कथा.

२/ लंडनच्या गाइज हॉस्पिटलमधील थॉमस हॉजकिन यांनी १८३२ साली लसीका ग्रंथी आणि प्लीहा वाढलेल्या सात रुग्णांची हकीकत मांडली. १८६५ मध्ये सॅम्युअल विल्क्स यांनी त्या रोगाला हॉजकिनचे नाव दिले. पुढे सूक्ष्मदर्शकाने पेशींचे रूप उलगडले. परंतु रूप सारखे म्हणजे कूळ एक, असे नव्हे.

३/ याच्या उलट पेच १९२८ मध्ये मॉरिस रिश्टर यांच्यासमोर आला. जुनाट लसीका-रक्तकर्करोगाच्या रुग्णात अगदी निराळ्या रूपाचा, आक्रमक अर्बुदही आढळला. जुन्याच रोगाने रूप पालटले, की नवा रोग आला? केवळ डोळ्यांनी पाहून याचा निवाडा शक्य नव्हता.

४/ किल्ली सापडली ती कर्करोगाच्या नव्हे, प्रतिपिंडांच्या अभ्यासात. बासेल येथे सुसुमु तोनेगावा आणि नोबुमिची होझुमी यांनी १९७६ मध्ये दाखवले की प्रतिपिंडांची जनुके जन्मतः अखंड नसतात. प्रत्येक बी-पेशी घडताना जनुकांचे तुकडे कापून नव्याने जोडते. तोनेगावा यांना १९८७ चे नोबेल मिळाले.

५/ या जोडणीच्या सांध्यांवर काही अक्षरे गळतात, काही नवी भरली जातात. त्यामुळे प्रत्येक बी-पेशीची जोडणी जवळजवळ अनन्य ठरते. ती पेशी कर्करोगग्रस्त झाली की तिच्या सर्व वंशजांवर हीच मुद्रा उमटते. राजमुद्रेवरून पत्र कोणाचे ते ओळखावे, तसेच हे.

६/ मुद्रा वाचण्याचे तंत्रही याच सुमारास हाती आले. एडविन सदर्न यांची डीएनए-तुकडे ओळखण्याची पद्धत १९७५ ची. १९८० च्या दशकारंभी ती लिम्फोमा आणि रक्तकर्करोगावर वापरली जाऊ लागली. कॅरी म्युलिस यांच्या पीसीआर तंत्राने तर इवल्याशा नमुन्यातूनही मुद्रा वाचता येऊ लागली.

७/ आता जठराकडे वळू. पीटर आयझॅक्सन आणि डेनिस राइट यांनी १९८३ मध्ये 'माल्ट' लिम्फोमाचे वर्णन केले. हा रोग दीर्घकाळ एकाच जागी राहतो, अशी समजूत होती. १९९६ मध्ये आयझॅक्सन यांच्या गटाने जठरातील आणि आतड्यातील पेशींच्या जनुकांची तुलना केली. कूळ एकच निघाले. रोगाने जागा सोडली होती.

८/ तुलना केवळ 'होय-नाही' एवढ्यावर थांबत नाही. बी-पेशींच्या या जनुकांत पुढेही बदल होत राहतात. दोन पोथ्यांत समान चुका आढळल्या तर त्यांची मूळ प्रत एक मानतात. नंतरच्या वेगळ्या चुकांवरून शाखा ठरवतात. दोन अवयवांतील गाठींची वंशावळही अशीच मांडता येते.

९/ पण पुराव्याची चिकित्सा इथेही हवी. नमुन्यात पेशी फार थोड्या असतील तर निरोगी पेशींचाच खोटा 'एकवंश' भासतो. बदल फार झाले असतील तर चाचणीला मुद्रा सापडतही नाही. म्हणूनच २००३ मध्ये युरोपातील प्रयोगशाळांनी 'बायोमेड-२' या नावाने सामाईक पद्धत प्रसिद्ध केली. सूक्ष्मदर्शकाची साक्ष आजही सोबत लागतेच.

१०/ रिश्टर यांच्या प्रश्नाचे काय झाले? बहुतेक रुग्णांत दोन्ही रोगांचे कूळ एकच निघते. काहींत ते वेगळे असते. वेगळे कूळ निघालेल्यांचे भवितव्य सहसा अधिक आशादायक असते, कारण तो जुन्या रोगाचा बिघाड नसून नव्याने उद्भवलेला रोग असतो. १९२८ चा तो पेच आज रुग्णाला काय सांगायचे आणि कोणते औषध द्यायचे, हे ठरवतो.

११/ इतिहासाच्या विद्यार्थ्याला हे ओळखीचे वाटेल. साम्य दिसले म्हणून नाते गृहीत धरू नये, आणि भेद दिसला म्हणून ते नाकारू नये. मुद्रा तपासावी, मगच वंश सांगावा. #समाप्त