आभाराचं पान आणि वऱ्हाडची ज्वारी

नोव्हेंबरातल्या चौथ्या गुरुवारी अमेरिकेत घरोघरी थँक्सगिव्हिंगचं जेवण रांधलं जातं. भाजलेला टर्की पक्षी, रताळी, क्रॅनबेरीची चटणी आणि लाल भोपळ्याचा गोड पदार्थ. १६२१ साली प्लिमथ इथल्या इंग्रज वसाहतकऱ्यांनी पहिलं पीक हाती आल्यावर तिथल्या वाम्पानोआग लोकांसोबत जेवण केलं, तिथपर्यंत या सणाचं मूळ नेतात. पण तो साऱ्या देशाचा सण झाला ऐन यादवी युद्धात. ३ ऑक्टोबर १८६३ रोजी अब्राहम लिंकन यांनी नोव्हेंबरचा शेवटचा गुरुवार आभाराचा दिवस म्हणून पाळावा, असं जाहीर केलं.

तुम्ही म्हणाल, याचा अकोला-अमरावतीशी काय संबंध? संबंध आहे, आणि तो कापसाचा आहे.

त्याच युद्धात उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरं अडवली. लँकेशायरच्या गिरण्यांना मिळणारा अमेरिकन कापूस आटला आणि इंग्रजांची नजर वऱ्हाडच्या काळ्या जमिनीकडे वळली. १८५३ च्या तहाने निजामाचा हा मुलूख त्यांच्या कारभाराखाली आलेलाच होता. कापसाचे भाव कडाडले. १८६५ मध्ये युद्ध संपलं, भाव उतरले, पण कापूस काही वऱ्हाडातून गेला नाही. १८६७ मध्ये रेल्वे वऱ्हाड ओलांडून नागपूरला पोचली. अकोला, अमरावती, खामगाव या कापसाच्या मोठ्या पेठा झाल्या. जिथे ज्वारी डुलायची, तिथे पऱ्हाटी उभी राहिली.

पैसा आला, हे खरं. पण १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांनी या पैशाची दुसरी बाजू दाखवली. लक्ष्मण सत्या या अभ्यासकाने वऱ्हाडातला कापूस आणि दुष्काळ यांचं नातं आपल्या पुस्तकात सविस्तर मांडलं आहे. निर्यातीच्या कापसामागे धावताना धान्य आणि चराऊ रानं मागे पडली, असं त्यांचं सांगणं. माझ्या आजीने पुस्तक वाचलं नव्हतं. ती एवढंच म्हणायची, "पऱ्हाटी पैसा देते बापा, भाकर नाही देत."

आता आपल्या आभाराच्या जेवणांकडे पाहू. अमेरिकेतलं जेवण पीक घरात आल्यावर होतं. आपली दोन मोठी जेवणं त्याच्या आधीच होतात.

पहिलं पोळ्याचं. श्रावण अमावास्येच्या आदल्या संध्याकाळी खांदशेकणी असते. जू टेकून टेकून घट्टे पडलेल्या बैलाच्या खांद्याला हळद आणि तूप चोळायचं आणि त्याला आवतन द्यायचं, "उद्या जेवाले या." माणसाला द्यावं तसं, अहोजाहोने! दुसऱ्या दिवशी पुरणपोळीचा पहिला घास बैलाचा. बैल राखणाऱ्या गड्याला नवे कपडे, जेवण आणि घरोघरचा बोजारा. आभार इथे पिकाचे नाहीत, कष्टांचे आहेत.

दुसरं जेवण भाद्रपदातल्या महालक्ष्म्यांचं. इतरत्र ज्यांना गौरी म्हणतात, त्या आमच्याकडे ज्येष्ठा आणि कनिष्ठा अशा दोन बहिणी. अकोल्याच्या आमच्या घरी त्यांचे मुखवटे धान्याने भरलेल्या कोठ्यांवर बसत. वर फुलोरा टांगलेला, करंज्या आणि पापड्यांचा. पानात पुरणपोळी, कटाची आमटी, कढी, अळूची पातळ भाजी, वडे, सोळा भाज्यांची एक मिसळ भाजी आणि ज्वारीची आंबील. ज्वारीचं पीठ ताकात भिजवायचं आणि मंद आचेवर घोटत शिजवायचं. आई बाकी सगळं दुसऱ्यांना करू द्यायची, आंबील मात्र स्वतः घोटायची. गुठळी झालेली तिला चालायची नाही.

विचार करा, भाद्रपदात शेतात पीक अजून उभंच असतं आणि जुनं धान्य संपत आलेलं असतं. अशा वेळी उरलेलं धान्य कोठीत भरून तिच्यावर देवी बसवायची आणि शेजारीपाजाऱ्यांना जेवू घालायचं. हाती काही येण्याआधीच मानलेले हे आभार आहेत.

पुढे कापूस फुटला की पहिल्या वेचणीआधी सीतादही करतात. पऱ्हाटीची पूजा, दहीभाताचा नैवेद्य आणि मग वेचणी सुरू. ही पूजा बहुतेक बायाच करतात, कारण वेचणारे हातही त्यांचेच.

मला महत्त्वाची वाटते ती आंबील. दीडशे वर्षं कापसाने ज्वारीला मागे रेटलं, पण महालक्ष्म्यांच्या पानातली तिची जागा कोणी घेतली नाही. अलीकडे मात्र वऱ्हाडात सोयाबीन आलं. पाखरं आणि रानडुकरांपुढे ज्वारी राखणं कठीण झालं. ज्वारी गेली तसा कडबा गेला, कडब्याविना बैल पोसणं परवडेना, आणि ट्रॅक्टर दारात आला. पोळ्याला मातीचे बैल पुजणारी घरं आता खेड्यांतही भेटतात. एका पिकाबरोबर अशी सगळी साखळी सुटत जाते.

२०२३ हे वर्ष जगाने भरडधान्यांचं म्हणून साजरं केलं. चांगलंच झालं. पण वर्षातून एकदा वाटीभर आंबील करून ज्वारी टिकणार नाही. रोजच्या ताटात भाकरी असेल, तिला बाजारात भाव असेल, तरच कोणी ती पेरेल. आभार मानायचे ते पेरणाऱ्याचे, ओढणाऱ्याचे आणि वेचणारीचे, हे आपल्या सणांनी केव्हाच सांगून ठेवलं आहे. त्यांच्या घामाचं मोल चुकतं करणं तेवढं आपल्याकडे बाकी आहे.