हिरवं पाणी

लोणारच्या सरोवराचं पाणी मी लहानपणापासून हिरवंच पाहत आले. "शेवाळ आहे ते," म्हणून मोठी माणसं विषय मिटवायची. ते शेवाळ म्हणजे मुख्यतः स्पिरुलिना, एक नील-हरित शैवाल, सहसा निरुपद्रवी. २०२० च्या जूनमध्ये पाणी गुलाबी झालं, ते मात्र खारट पाण्यातल्या दुसऱ्याच सूक्ष्मजीवांमुळे, असं पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेला आढळलं.

पण या शैवालाची काही भावंडं घातक आहेत. १८७८ मध्ये जॉर्ज फ्रान्सिस यांनी 'नेचर'मध्ये ऑस्ट्रेलियातल्या अलेक्झांड्रिना सरोवराबद्दल लिहिलं. हिरवी साय आलेलं पाणी पिऊन तिथे गुरं मेली होती. माणसाला उलट्या, जुलाब, अंगाला खाज, कधी यकृताला इजा. नेमका उतारा आजही नाही. आणि पाणी उकळलं तरी विष जात नाही! हे वाचून मी चरकले, कारण आमच्या घरी सगळ्यावर उपाय एकच... पाणी उकळा.

तेव्हा गावाकडच्यांनो, कुठल्याही तळ्यावर सांडलेल्या रंगासारखा हिरवा तवंग दिसला तर पोहू नका, गुरांना पाजू नका. अंगाला लागलंच तर स्वच्छ पाण्याने धुवा. त्रास झाला तर डॉक्टरांना त्या पाण्याबद्दल आवर्जून सांगा. आपण सांगितल्याशिवाय त्यांना कळणार कसं?