प्रौढ साक्षरता : महाराष्ट्रातील प्रादेशिक तफावत

महाराष्ट्रातील प्रौढांच्या शिक्षणात जिल्ह्यागणिक मोठी तफावत आढळते. २०११ च्या जनगणनेत ७ वर्षे व त्यावरील वयोगटात राज्याची साक्षरता सुमारे ८२ टक्के होती. मुंबई उपनगरात ती जवळपास ९०, तर आदिवासीबहुल नंदुरबारमध्ये अवघी ६४ टक्के. मराठवाड्याच्या पिछाडीमागे निजामी राजवटीचा वारसा आहे : तेथे १९४८ पर्यंत वरच्या शिक्षणाचे माध्यम उर्दू होते आणि मराठी शाळा विरळ. औरंगाबादेत विद्यापीठ आले ते १९५८ मध्ये. जुन्या पिढीतील ग्रामीण स्त्रियांना त्याचा उपयोग क्वचितच झाला. विदर्भाला मात्र सरसकट मागास म्हणणे चूक ठरते. नागपूर व अकोला जिल्हे पुण्याच्याही पुढे होते, गडचिरोली बरीच मागे. निरक्षरता हटवण्याचे प्रयत्नही जुनेच : प्रौढांसाठीची ग्रामशिक्षण मोहीम १९५९ मध्ये साताऱ्यात सुरू झाली.