कागद बोफोर्सचे, हात जबलपूरचे

1904 साली जबलपूरला गन कॅरेज फॅक्टरी सुरू झाली, तेव्हा इथे करायचे होते ते तोफांचे गाडे, आणि गाडा म्हणजे मुख्यतः सुतारकाम. त्याआधी ही कामं कुलाब्याला, मद्रासला आणि गंगेकाठच्या फत्तेगडला चालत. ती एका जागी आणायला जबलपूर सोयीचं होतं. सागवानाची जंगलं हाताशी, आणि 1870 पासून मुंबईची आणि कलकत्त्याची रेल्वे इथेच एकमेकींना मिळालेली. माझे पणजोबा त्या वेळी कुलाब्याहून इकडे आले, असं आमच्या घरात सांगतात. मूळ रत्नागिरीकडचे सुतार. त्यांचा वाकस अजून माझ्या माळ्यावर आहे, आणि दर दिवाळीला सून तो भंगारात द्यायचा विषय काढते.

तोफेच्या चाकाचं काम बैलगाडीच्या चाकाचंच, पण माफी नाही. बैलगाडीचा आरा खिळखिळा झाला तर शेतकरी पाचर मारून घरी जातो. तोफ उडाली की सगळा धक्का चाकांवर येतो. तुंबा, त्यात ठोकलेले आरे, बाहेरून पुठे आणि सगळ्यांना आवळून धरणारी लोखंडी धाव. धाव चाकाच्या घेरापेक्षा जराशी कमी ठेवायची, तापवून फुलवायची, चाकावर बसवायची आणि लगेच पाणी ओतायचं. लोखंड आक्रसतं आणि सगळे सांधे करकचून बसतात. ‘जराशी’ म्हणजे किती, हे लाकूड किती मुरलंय त्यावर. धाव फार कमी झाली तर आरे वाकतात, जास्त झाली तर पहिल्या उन्हाळ्यात चाक वाजायला लागतं. आजोबा पुठ्यावर टिचकी मारून सांगत, अजून ओलं आहे. ते आवाजावरून सांगत, आणि तो आवाज ते पणजोबांच्या शेजारी बसून शिकले होते.

पुढे गाडे लोखंडाचे झाले, चाकांना रबर आलं आणि सुताराचा मान उतरला. शहर मात्र फॅक्टऱ्यांचं झालं. दुसऱ्या महायुद्धात, 1942 ला, खमरियाला दारूगोळ्याची फॅक्टरी आली. 1959 पासून जर्मन मान कंपनीच्या परवान्यावर शक्तिमान ट्रक बनू लागले. जोंगा ही फौजी जीप बनली, तिच्या नावातलं पहिलं अक्षर जबलपूरचं. 1969 ला रांझीच्या बाजूला व्हेइकल फॅक्टरी उभी राहिली. भोंगा वाजला की घमापूर, सतपुला, रांझीचे रस्ते सायकलींनी भरून जात. मी इथल्याच एका फॅक्टरीत टर्नर म्हणून लागलो आणि चार्जमन होऊन बाहेर पडलो. कोणत्या, ते राहू दे.

आमच्या वेळी नवा पोरगा एका उस्तादाच्या हाताखाली जाई. पहिले काही महिने चिप्स झाडायच्या, तेल घालायचं आणि बघायचं. मेट्रिक मापं देशात कधीच लागू झाली होती, ड्रॉइंगवर मिलिमीटर असत, पण उस्ताद बोलायचा सुतात आणि थाऊत. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, थाऊ म्हणजे हजारावा. पोरगा मनातल्या मनात हिशेब करत राही. तोही शिकण्याचाच भाग होता, असं आता वाटतं. तेव्हा नुसता वैताग यायचा.

माझ्या बरोबरच्या एका मुलाला पातळ भिंतीचा बुश करायला दिला होता. मशीनवर माप बरोबर, चकमधून काढला की भोक तिकोनी. तीनदा झालं. उस्ताद आला, स्वतः करून दाखवला, बुश गोल निघाला. कसं केलं विचारलं तर त्यालाही सांगता येईना. मुलाने दुसऱ्यांदा करताना त्याच्या हातांकडे नीट पाहिलं, तेव्हा कळलं की शेवटचा कट घेण्याआधी उस्ताद चकचे जबडे किंचित सैल करत होता. घट्ट धरलं की पातळ धातू दबतो, सोडला की फुगतो. उस्तादाच्या हाताला हे माहीत होतं, तोंडाला नव्हतं. म्हणून निवृत्तीच्या आधी तीन महिने ‘तुमचा अनुभव लिहून द्या’ असं सांगतात, त्याचं मला हसू येतं. लिहितो बिचारा, पण जे विचारलं गेलं नाही ते त्यात कुठून येणार? विचारणारा पोरगा शेजारी हवा, आणि त्याचं काम चुकायला हवं.

कागद आणि हात यांतल्या या फरकाची सगळ्यात मोठी परीक्षा बोफोर्सने घेतली. 1986 मध्ये स्वीडनच्या बोफोर्स कंपनीशी 410 तोफांचा करार झाला. त्यात तंत्रज्ञानाचे कागदही यायचे होते, आणि तोफा पुढे इथे बनवता येतील अशी सोय होती. 1987 ला लाचेचा गवगवा झाला आणि त्या कागदांना हात लावायला कुणी धजेना. तोफा मात्र फौजेत राहिल्या, 1999 ला कारगिलमध्ये त्यांनीच काम केलं. कागद बाहेर निघाले ते दोन दशकं उलटून गेल्यावर. त्यातून धनुष तोफ उभी राहिली: नळी कानपूरची, जोडणी जबलपूरच्या गन कॅरेज फॅक्टरीची. 8 एप्रिल 2019 रोजी पहिल्या सहा धनुष फौजेच्या ताब्यात दिल्या गेल्या. मागणी 114 ची होती.

वर्तमानपत्रांत आलं की जुन्या ड्रॉइंगवरून तोफ बनली. एवढ्याने भागत नाही. बोफोर्सची नळी 39 कॅलिबरची, धनुषची 45 ची. 155 मिलिमीटरच्या तोफेत सहा कॅलिबर म्हणजे नळी 930 मिलिमीटरने लांब, तीन फुटांच्या वर. नळी लांबली की वजन पुढे सरकतं, तोल बदलतो, रिकॉइलचा हिशेब बदलतो. स्वीडिश कागद तिथे संपतात. चाचण्यांत नळी फुटली, पुढे नळीच्या तोंडावरचा मझल ब्रेकही गेला. प्रत्येक वेळी खोलून, पाहून, पुन्हा जुळवावं लागलं. इथे 105 मिलिमीटरच्या तोफा वर्षानुवर्षं बनत होत्या. सील कुठे गळतं, कोणता बोल्ट कोणाच्या आधी आवळायचा, हे जाणणारी माणसं अजून शॉपमध्ये होती. दहा वर्षं आणखी उशीर झाला असता तर ती नसती.

ही माणसं जातात कशी, ते पाहायला जबलपूरला 30 जूनला फॅक्टरीच्या गेटवर या. इथल्या शाळांत नाव घालताना मास्तर सर्रास 1 जुलै ही जन्मतारीख टाकून देत, आणि एक तारखेला जन्मलेला सरकारी माणूस आदल्या दिवशी निवृत्त होतो. त्यामुळे त्या दिवशी ढोल, बँड, गुलाल, गळ्यात हार आणि उघड्या जीपमधून घरापर्यंत वरात. विदाईचा हा थाट मला आवडतो. पण कोण कधी जाणार हे सर्व्हिस बुकच्या पहिल्या पानावर, पहिल्या दिवसापासून लिहिलेलं असतं. निवृत्तीला अचानक म्हणणं हा शुद्ध आळस आहे. खरी गोष्ट वेगळी. मधल्या काही वर्षांत भरती आटली. पंचावन्नचा उस्ताद आणि बाविशीचा पोरगा यांच्यामध्ये चाळिशीचा माणूस असायला हवा, तो बऱ्याच शॉपमध्ये घेतलाच गेला नाही. साखळीतला नेमका तोच दुवा उस्तादाची भाषा पोराला समजावून सांगतो.

1 ऑक्टोबर 2021 ला या सगळ्या फॅक्टऱ्या चालवणारं ऑर्डनन्स फॅक्टरी बोर्ड संपलं. 41 फॅक्टऱ्या आणि सुमारे 70,000 माणसं सात कंपन्यांत वाटली गेली. आमच्या शहरातल्या फॅक्टऱ्या, ज्यांची माणसं एकाच चहाच्या टपरीवर भेटत, त्याही वेगवेगळ्या कंपन्यांकडे गेल्या. याचं बरंवाईट मी आताच बोलणार नाही, एवढ्या थोड्या वर्षांत फॅक्टरीचं काही ठरत नसतं.

अप्रेंटिस कायदा 1961 चा आहे आणि पोरं अजूनही येतात. आयटीआय झालेला मुलगा शिकाऊ म्हणून लागतो, उस्तादाच्या हाताखाली उभा राहतो आणि हात जरा बसायला लागतो तेवढ्यात मुदत संपते. कायम घेण्याचं बंधन नाही. आमच्या गल्लीतला एक मुलगा असाच शिकून आता चाकणला मोटारींच्या सुट्या भागांच्या कारखान्यात सीएनसीवर आहे. परवा आला होता. पातळ बुशच्या शेवटच्या कटला जबडे सैल करायचे, हे तिथे त्यानेच सगळ्यांना दाखवलं म्हणाला. जपलं गेलं म्हणायचं, पण जबलपूरला नाही.