कल्याणच्या लोहाराची वाट आणि बॅण्डस्टॅण्डवरचे तारे

बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातल्या कान्हेरी लेण्यांना आपण सगळेच कधी ना कधी गेलो आहोत. चैत्यगृहात वंदना होते, पायऱ्यांवर डबे उघडतात, फोटो निघतात आणि आपण परत येतो. पण तिथल्या कातळावर ब्राह्मी लिपीत काय कोरले आहे, हे समजून घ्यायला फार थोडे थांबतात. थांबायला हवे. कारण मुंबई उपनगरातला नामवंतांचा पहिला सन्मानपथ तिथे आहे.

कान्हेरीचे बरेचसे शिलालेख दानाचे आहेत. कुणी लेणे दिले, कुणी पाण्याची पोढी दिली. दाते कल्याणचे, सोपाऱ्याचे. त्यांत व्यापारी आहेत, भिक्खुणी आहेत, उपासिका आहेत. कल्याणच्या सामिदत्त नावाच्या सोनाराने पोढी दिली, म्हणून त्याचे नाव तिथे आहे. कल्याणच्याच नंद नावाच्या लोहाराने चक्क एक वाट दिली. येणाऱ्याजाणाऱ्याला चालायला वाट! भाता फुंकणाऱ्या त्या माणसाचे नाव सुमारे दोन हजार वर्षे टिकून आहे. त्याची ओळख काय? नाव, गाव, काम आणि दान. कुणाच्या पोटी जन्मला, हे सांगायची गरज कोरणाऱ्याला वाटली नाही. राजघराण्यातली आणि धनिकांची दाने कान्हेरीत आहेतच, ते नाकारायचे कारण नाही. पण त्याच डोंगरावर लोहारालाही जागा मिळाली, हे महत्त्वाचे.

आता याच उपनगरातली दुसरी वाट पाहा. २०१२ साली वांद्र्याच्या बॅण्डस्टॅण्डवर एका चित्रपट वाहिनीच्या पुढाकाराने सिनेतारकांचा मार्ग तयार झाला. पितळी पाट्यांवर नटनट्यांच्या हातांचे ठसे आणि सह्या, बाकांवर पुतळे. नक्कल हॉलीवूडची. त्या मूळ हॉलीवूडमध्ये तारा बसवायचा तर प्रायोजकाला हजारो डॉलर भरावे लागतात. तिथे १९६० साली चार्ली चॅप्लिनला त्याच्या राजकीय मतांमुळे वगळले गेले आणि १९७२ साली उशिरा जागा दिली गेली. म्हणजे फरशीवर कोण येणार हे केवळ कर्तृत्व ठरवत नाही, पैसा आणि सत्ताही ठरवतात. आणि वांद्र्याचा तो मार्ग? काही वर्षांतच मोडीत निघाला. बाजाराने दिलेला मान बाजारानेच काढून घेतला.

प्रश्न असा की उपनगराने घडवलेली आपली माणसे कुठल्या फरशीवर आहेत?

अण्णाभाऊ साठे घाटकोपरच्या चिराग नगरात वर्षानुवर्षे राहिले. १९५८ साली मुंबईत भरलेल्या पहिल्या दलित साहित्य संमेलनाचे उद्घाटन त्यांनी केले. १९५९ साली आलेली ‘फकिरा’ त्यांनी बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केली. १८ जुलै १९६९ रोजी गोरेगावच्या सिद्धार्थ नगरात त्यांचे निधन झाले. २०२२ साली मॉस्कोत त्यांचा पुतळा उभा राहिला, पण चिराग नगरातल्या स्मारकाचा विषय वर्षानुवर्षे घोषणांमध्ये फिरत राहिला.

मुलुंडच्या झोपडीत राहणारे शाहीर विलास घोगरे आठवा. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाली, लोक रस्त्यावर उतरले आणि राज्य राखीव पोलिसांच्या गोळीबारात १० जण मारले गेले. चार दिवसांनी, १५ जुलैला, या शाहिराने आपले जीवन संपवले. अभ्यासिकेतल्या मुलांना मी त्यांचे नाव विचारते, तेव्हा बहुतेक जण गप्प बसतात. दोष मुलांचा नाही. त्यांच्या येण्याजाण्याच्या वाटेवर ते नाव कुठे लिहिलेलेच नाही.

यावर आपलेच काही मित्र म्हणतील, ही व्यक्तिपूजा नाही का? २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी राजकारणातली भक्ती हुकूमशाहीकडे नेते, असा इशारा दिलाच होता. इशारा खरा आहे, पण तो विवेक गहाण टाकणाऱ्या भक्तीविरुद्ध आहे, इतिहासाच्या नोंदीविरुद्ध नाही. १ जानेवारी १९२७ रोजी बाबासाहेब स्वतः भीमा कोरेगावच्या स्तंभापाशी गेले. त्या स्तंभावर कंपनीच्या ४९ सैनिकांची नावे आहेत. त्यांतली २२ ‘नाक’ने संपणारी, म्हणजे महार सैनिकांची. ती नावे दगडात नसती, तर आपल्या पूर्वजांचा पराक्रम मान्य करायला कोण तयार झाले असते? भक्ती माणसाला देव्हाऱ्यात बसवते. नोंद त्याला साक्षीदार म्हणून उभा करते.

हा विषय आजच का काढला? कारण रमाबाई नगराचा पुनर्विकास हाती घेतला गेला आहे. पक्की घरे हवीतच, तो आपला हक्क आहे. पण गल्ल्या जाऊन टॉवर येतात, तेव्हा गल्लीबरोबर तिची आठवणही जाते. आराखड्यात पार्किंग मोजले जाते, स्मृती मोजली जात नाही. उद्या त्या इमारतींना बिल्डरच्या आवडीचे इंग्रजी नाव मिळाले आणि ११ जुलै फक्त म्हाताऱ्या माणसांच्या बोलण्यात उरला, तर जबाबदार आपणही असू.

म्हणून तरुणांनी आतापासून कामाला लागावे. प्रत्येक विहाराने आपल्या वस्तीच्या नावांची वही करावी. पहिले विहार उभारायला विटा वाहणाऱ्या बाया, नळासाठी मोर्चे काढणारे, घराच्या ओट्यावर बालवाडी चालवणारी ताई, जलशातले गायक, सगळे त्या वहीत यावेत. स्त्रियांची नावे निम्म्याहून कमी असतील, तर वही अपुरी समजावी. प्रायोजक आणि नगरसेवकाचा फोटो नको. मग रहिवाशांच्या सभेत ठराव करून मागणी करावी की नव्या वसाहतीच्या पदपथावर ही नावे दगडात बसवा. घरांचे करार होण्याआधी ही मागणी लेखी द्यावी, नंतर कुणी ऐकत नाही.

नंद लोहाराने वाट दिली, तेव्हा नाव उरले. आपल्या आईबापांनी तर अख्ख्या वस्त्या वसवल्या. त्यांची नावे लिहायला दुसरे कोणी येणार नाही.

जय भीम!