येत्या रविवारी

परवा चुडाव्याच्या घरी माळा आवरत होतो, तर जुन्या ट्रंकेत पोस्टकार्डांचं एक बंडल सापडलं. पन्नास पैशांची, कोरी, कडेनं पिवळी पडलेली अकरा कार्डं. ती का उरली हे मला चांगलं ठाऊक आहे, कारण लिहायचा कंटाळा मीच केला होता.

ज्यांना आमचं गाव माहीत नाही त्यांच्यासाठी: जिल्हा परभणी, तालुका पूर्णा. पूर्णेहून रेल्वेनं नांदेडकडे निघालात की पहिलं स्टेशन चुडावा. २००३ साली आमच्या तात्यांनी (वडिलांचे थोरले चुलतभाऊ) इथे डाळमिल काढायचं मनावर घेतलं. तूर आपण पिकवायची आणि डाळ दुकानातून विकत आणायची, हे त्यांना फार लागायचं. पण मिल म्हणजे काही एकट्याच्या ऐपतीचं काम नव्हे. आसपासच्या शेतकऱ्यांना बोलवायचं, हिशोब मांडायचा, भाग घ्यायला लावायचे असं ठरलं. बैठकीची जागा मारुतीच्या देवळाचा सभामंडप.

आता लोकांना कळवायचं कसं? मी शहाणपणानं म्हणालो, "तात्या, नांदेडहून छापूनच आणू की." तात्यांनी आधीच चौकशी केली होती. हातानं लिहिलेलं कार्ड पन्नास पैशांत जायचं, पण त्यावर मजकूर छापला की तेच सहा रुपयांचं व्हायचं. साधं कार्ड टपालखातं तोटा सोसून विकतं, ते गरिबाच्या खुशालीसाठी. धंदेवाल्यांनी त्यावर फुकटात जाहिराती करू नयेत, असा त्यामागचा विचार. म्हणजे १६० कार्डांचे एकीकडे ८० रुपये आणि दुसरीकडे ९६० अधिक छपाई. (२००२ साली टपालखात्यानं पत्त्याच्या बाजूला जाहिरात असलेलं 'मेघदूत' कार्ड पंचवीस पैशांत काढलं होतं, पण आमच्या हाती ते काही लागलं नाही.) तेव्हा लिहायचं काम माझ्याकडे आलं. अक्षर बरं म्हणून!

या कार्डाचा इतिहास मोठा गमतीचा आहे. जगातलं पहिलं पोस्टकार्ड १८६९ साली ऑस्ट्रिया-हंगेरीत निघालं. ब्रिटिश हिंदुस्थानात ते १८७९ च्या जुलैत आलं, किंमत पाव आणा, म्हणजे जुना एक पैसा. आमचा मुलूख मात्र निजामाचा. निजामाचं टपाल वेगळं, तिकिटं वेगळी. त्यांचं पहिलं तिकीट १८६९ चंच. १८७१ च्या तिकिटांवर तर किंमत मराठीतही असायची! हैदराबाद संस्थान सप्टेंबर १९४८ मध्ये भारतात सामील झालं, तरी हे टपालखातं भारतीय टपालात विलीन व्हायला १९५० चा एप्रिल उजाडला.

एका पैशात काय काय होतं! अंताजी दामोदर काळ्यांनी माणशी वर्षाला एक पैसा मागत 'पैसा फंड' उभा केला आणि त्यातून १९०८ साली तळेगावला काचकारखाना निघाला. तिकडे किर्लोस्करवाडीत शंकरराव किर्लोस्करांनी १९२० मध्ये 'किर्लोस्कर खबर' काढली, कारखान्याची खबरबात गिऱ्हाइकांच्या घरात पोचवायला. नांगर विकायचा तर शेतकऱ्याशी आधी ओळख हवी, हे त्यांना कळलं होतं. तात्यांनाही कळलेलं होतं. प्रत्येक कार्डावर वरती एक ओळ घरची हवी, असा त्यांचा आग्रह. कुणाच्या बैलाची चौकशी, कुणाच्या मुलीच्या लग्नाची. ही ओळ ते सांगायचे, खालचा मजकूर मी लिहायचो. आज वाटतं, छापील कार्डाला ते जमलंच नसतं.

कार्डं कधी टाकायची याचाही त्यांचा हिशोब होता. फार आधी टाकली तर लोक विसरतात, उशिरा टाकली तर पोचत नाहीत. म्हणून सोमवारी टाकायची, म्हणजे गुरुवारपर्यंत सगळीकडे जातील. मी हात दुखतो म्हणत १४९ वर थांबलो आणि ती टाकली गुरुवारी. त्यात मजकुरात तारीख न घालता लिहिलं, 'येत्या रविवारी सकाळी १० वाजता'. तात्यांनी तारीख सांगितली होती. मला 'येत्या' जास्त आपुलकीचं वाटलं.

त्या रविवारी एकोणीस माणसं आली. तात्या दुपारपर्यंत रस्त्याकडे बघत बसले. एवढ्या थोड्यांवर भागांचं काही जुळेना. आलेले म्हणाले, लोकांनाच नको तर आपण तरी कशाला.

पुढच्या रविवारी सकाळी देवळापाशी चाळीसेक माणसं जमली! कार्डं त्यांना सोमवारी-मंगळवारी मिळालेली, त्यांचा 'येता रविवार' हाच. तात्या शेतात होते, निरोप गेल्यावर तसेच मातीच्या पायांनी आले. एका म्हाताऱ्यानं खिशातून कार्ड काढून दाखवलं, "हे बघा, रविवारच लिहायलंय की." तात्यांनी ते वाचलं. मी शेजारीच उभा होतो. त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "माझंच चुकलं," म्हणाले आणि सगळ्यांना चहाला घरी घेऊन गेले. पण पहिल्या रविवारचे लोक पुन्हा काही एकत्र आले नाहीत, आणि मिल झाली नाही.

परवा बंडलाचा दोरा सोडला तेव्हा अकरा कोऱ्या कार्डांच्या खाली एक लिहिलेलं निघालं. घामानं शाई फुटलेली, चार घड्या पडलेलं. वरच्या ओळीत तात्यांनी विचारलं होतं, गाय व्याली का. खाली माझं अक्षर.