सावित्रीच्या खोऱ्यातलं इन्सुलिन

महाडच्या वैद्यकीय इतिहासाची सुरुवात खरं तर विंचवापासून व्हायला हवी. डॉ. हिम्मतराव बावस्करांचं विंचूदंशावरचं काम १९८२ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं, ते इथलंच. आज मात्र आपण फारशा न गाजलेल्या विषयाकडे वळतोय: गरोदरपणातला मधुमेह.

११ जानेवारी १९२२ ला टोरँटोत चौदा वर्षांच्या लिओनार्ड थॉम्पसनला इन्सुलिन टोचलं. त्याआधी मधुमेही बाईला दिवस जाणंच दुर्मीळ. गेले तर दोघांच्याही जिवावर बेतायचं. इन्सुलिननंतर आया वाचू लागल्या, बाळं मात्र दगावतच राहिली. कोपनहेगनच्या योर्गन पेडरसन यांनी १९५० च्या दशकात मांडलं, की आईची साखर वारेतून बाळाकडे जाते, इन्सुलिन जात नाही. मग बाळाचं शरीर स्वतःच जास्त इन्सुलिन बनवतं, बाळ जाडजूड होतं आणि नाळ कापल्यावर त्याची साखर एकदम उतरते. 'सुईचं औषध बाळाला बाधेल का?' या प्रश्नाचं उत्तरही यातच आलं.

आता पोलादपूरकडे येऊ. आंबेनळी घाटाखालच्या वाडीतून बाई तपासणीला येते ती चार घास खाऊनच. उपाशीपोटी रक्त द्यायचं म्हणजे दुसरी खेप, आणि ती राहूनच जाते. चेन्नईच्या डॉ. व्ही. शेषय्यांनी नेमकी हीच अडचण ओळखली. खाल्लेलं असो वा नसो, ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून द्यायचं. दोन तासांनी साखर १४० किंवा जास्त आली तर मधुमेह धरायचा. केंद्र सरकारनंही हीच पद्धत घेतली: पहिल्या भेटीत एकदा, मग २४ ते २८ आठवड्यांत पुन्हा. आधी दोन आठवडे आहार सांभाळायचा (भाताच्या मुलखात हे सोपं नाही!), तेवढ्यानं भागलं नाही तर औषध, मुख्यतः इन्सुलिन.

पण इन्सुलिनला गारवा लागतो. फ्रीज नसेल तिथे बाटली डब्यात घालून पाण्याच्या माठात किंवा ओल्या वाळूतल्या मडक्यात ठेवतात. २२ जुलै २०२१ ला सावित्रीचं पाणी महाडात शिरलं, तळियेवर दरड कोसळली. अशा दिवसांत वीज नसली की फ्रीज असून नसल्यासारखा; मडकं तेवढं चालू.

बाळंतपणानंतर बहुतेकींचं इन्सुलिन थांबतं. सहा आठवड्यांनी मात्र पुन्हा तपासायचं असतं. तोवर ती माहेरी असते, नवरा मुंबईला आणि कागद सासरच्या कपाटात.